आग विझवा, शमवा की बुझवा? बोर्डवर नक्की काय लिहायचं?

शॉपफ्लोरची_ताई

नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलेय आणि शुक्रवारी प्रिंटिंगला द्यायचंय म्हणून इथे विचारतेय. मी चाकणच्या बाजूला एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघते. आग लागली तर काय करायचं याचे नवीन बोर्ड लावायचेत, जुन्यांचा रंग पार उडालाय. मजकूर बाहेरून मराठीत करून घेतला तर एकावर आलं 'आग शमवा', दुसऱ्यावर 'आग बुझवा' आणि तिसऱ्यावर 'आग नियंत्रित करा', आणि तिन्ही बोर्डांचं मूळ वाक्य एकच बरं का. फायर एक्स्टिंग्विशरच्या शेजारी लावायच्या बोर्डवर तर 'फवारा आगीच्या पायावर मारा' असं आहे, ते मला स्वतःला दोनदा वाचावं लागलं.

मी म्हटलं सरळ 'विझवा' लिहू आणि मोकळं होऊ. पण वरून सांगितलं गेलं की विझवणे हा घरगुती शब्द आहे, दिवा विझवतात, मेणबत्ती विझवतात, कारखान्याच्या आगीला जरा वजनदार शब्द पाहिजे, 'शमन' वगैरे.

आता हे मला नुसतं भाषेचं का वाटत नाही ते सांगते. मागच्या महिन्यात मॉक ड्रिल होतं, लोखंडी ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवलं होतं, मी हातातल्या कागदावरून मोठ्याने वाचलं "आग बुझवा", तर आमचे एक मामा आहेत, पंचावन्नच्या पुढचे, खेडकडचे, ते लाल बादलीतली वाळू घेऊन आले आणि अंगणातला खड्डा भरावा तशी कडेकडेने नीट पसरायला लागले. एक्स्टिंग्विशर हातभर अंतरावर होता. नंतर विचारलं तर म्हणाले, मॅडम तुम्हीच बुजवा म्हणालात ना, मी बुजवली. आणि खरंच बुजवली हो त्यांनी, वाळूने ती आग गेली, त्यांचं काही चुकलं नाही. पण त्या दिवसापासून डोक्यात हेच आहे की कानावर कुठला शब्द पडतो त्यावर माणसाचा हात कुठे जातो ते ठरतं.

तर विझवणे हा शब्द खरंच लहान आगीचा आहे का? आणि विझवणे, मालवणे, शमवणे, शांत करणे यात फरक काय धरायचा? जाणकारांनी सांगा प्लीज.

---

जुना_बंबवाला

ताई, 'विझवा' लिहा. डोळे मिटून लिहा.

मी महापालिकेच्या अग्निशमन दलात एकतीस वर्षं काढली, फायरमन म्हणून लागलो आणि तांडेल म्हणून रिटायर झालो. (तांडेल म्हणजे खरं तर होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या, पण आमच्याकडे टोळीच्या पुढाऱ्याला म्हणतात.) एवढ्या वर्षांत आगीच्या ठिकाणी गाडीतून उतरल्यावर एकाही माणसाने मला 'साहेब लवकर शमवा' म्हटलेलं नाही. बाई असो बाप्या असो, झोपडीतला असो नाहीतर बाराव्या मजल्यावरचा, तोंडातून एकच निघतं, विझवा हो विझवा. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात जो शब्द येतो तोच बोर्डवर पाहिजे, कारण बोर्ड वाचणारा पण घाबरलेलाच असणार.

'नियंत्रित करा' मात्र कृपा करून काढून टाका. आमच्या कामात ते वेगळं आहे. आग आटोक्यात आली म्हणजे ती आता पसरत नाहीये, चारी बाजूंनी धरलीय. ती विझलेली नसते. पेपरात पण बघा, नीट लिहिणारा बातमीदार लिहितो 'पहाटे आग आटोक्यात आली, सकाळपर्यंत कूलिंगचं काम सुरू होतं'. ते कूलिंग म्हणजेच विझवण्याचा राहिलेला भाग. ज्वाळा दिसेनाशा झाल्या की लोकांना वाटतं संपलं, आणि आमचं निम्मं काम तिथून पुढे असतं.

एक सांगतो. चिंध्यांचं गोदाम होतं, दुपारी लागली, संध्याकाळी ज्वाळा गेल्या, मालक म्हणाला आता जा तुम्ही, विझली. आमचे त्या वेळचे तांडेल काही बोलले नाहीत, हातमोजा काढला आणि हाताची मागची बाजू ढिगाऱ्यावरून अशी हळूहळू फिरवत गेले, न टेकवता, जशी आई पोराचा ताप बघते ना तशी. एका जागी थांबले आणि म्हणाले, इथे जिवंत आहे. आकडीने दोन गाठोडी ओढली तर आत लालबुंद. वरून ओल्या चिंध्या, पाणी निथळतंय, आणि हातभर आत निखारा. याला आपल्याकडे धुमसणे म्हणतात. धुमसतेय तोपर्यंत विझली म्हणायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो आणि नवीन पोरांना शेवटपर्यंत हेच शिकवत राहिलो.

आणि हे फक्त शब्दाचं नाही. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज होतं, त्यात कापसाच्या गाठी पण होत्या आणि स्फोटकं पण होती. गाठींमध्ये आग धुमसत होती, दुपारभर पाणी मारलं, पण धुरामुळे आगीचं मूळच सापडेना. चारच्या सुमाराला जहाज फुटलं. आमचे 66 जवान त्या एका दिवशी गेले. म्हणून 14 ते 20 एप्रिल देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. दरवर्षी त्या दिवशी युनिफॉर्म घालून उभं राहिलो की माझ्या मनात तेच यायचं, पाणी कमी पडलं नव्हतं हो, मूळ सापडलं नव्हतं.

म्हणून तुमचं ते 'आगीच्या पायावर' पण बदला. 'आगीच्या बुडाशी' लिहा. लोक घाबरून वर ज्वाळांवर पावडर मारतात आणि सिलिंडर रिकामा होतो काही सेकंदात. जळतंय ती वस्तू खाली असते, तिच्यावर मारायचं.

---

फळा_खडू

नमस्कार ताई, बंबवाले काकांनी लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. मी मराठी शिकवते म्हणून शब्दांच्या बाजूने थोडं.

विझवणे लहान आगीचा शब्द आहे हे मला अजिबात पटत नाही. दिवा विझतो, चूल विझते, वणवा विझतो, चिता विझते, सगळ्याला हा एकच शब्द चालतो आणि तीच त्याची ताकद आहे. आणि 'घरगुती' म्हणून हिणवायचं तर वंशावळ पण बघा त्याची, पालीत 'विज्झायति' म्हणजे विझणे आणि 'विज्झापेति' म्हणजे विझवणे, प्राकृतात 'विज्झाइ', आणि तिथून आपलं विझणे. जोडी सुद्धा तशीच्या तशी आलीय, आपोआप होतं ते विझणे आणि कुणीतरी करतं ते विझवणे. शाळेत मुलांना प्रयोजक क्रियापद शिकवताना मी हेच उदाहरण देते, वाऱ्याने दिवा विझला, आजीने दिवा विझवला. जुन्या पुस्तकांत 'विझविणे' दिसेल, तेही बरोबरच, पण बोर्डवर 'विझवा'च.

आता मालवणे. हा फक्त उजेडाचा शब्द आहे. दिवा मालवतात, समई मालवतात, वीज आल्यावर खोलीतले दिवेही मालवायला लागले. पण गोदाम मालवलं, वणवा मालवला असं कुणी म्हणत नाही, कारण तिथे उजेड हा मुद्दाच नाही. शिवाय हा शब्द दोन्हीकडे चालतो, 'तिने दिवा मालवला' मध्ये ती मालवणारी आहे आणि 'त्यांची प्राणज्योत मालवली' मध्ये कुणी मालवणारं नाही, ज्योत आपली आपण गेली. म्हणूनच असेल, माणूस गेल्याची बातमी देताना 'प्राणज्योत विझली' पेक्षा 'मालवली' मऊ वाटतं. (मुलं हमखास 'सूर्य मालवला' आणि 'दिवा मावळला' लिहितात. सूर्य मावळतो, दिवा मालवतो. अक्षरांची अदलाबदल आहे नुसती पण कानाला खटकते.)

शमवणे म्हणजे जोर कमी करणे. तहान शमते, राग शमतो, दंगल शमते, वादळ शमतं. यातलं काहीच कायमचं संपत नाही हे लक्षात घ्या, तहान उद्या परत लागणारच. म्हणून 'आग शमवा' वाचलं की मला ती थोडी कमी करा असं ऐकू येतं. संस्कृतात शमन म्हणजे शांत करणे, त्यामुळे 'अग्निशमन दल' हे नाव म्हणून छान आहे, पण नाव वेगळं आणि हुकूम वेगळा. जाता जाता, अग्निशमन म्हणजे ते काम आणि अग्निशामक म्हणजे ते काम करणारा. म्हणून यंत्र 'अग्निशामक', विभाग 'अग्निशमन'. दलाला लोक दोन्ही म्हणतात आणि दोन्ही चालतं, पण 'अग्निशमन यंत्र' मला जरा अर्धवट वाटतं. तुमच्या बोर्डवर तेवढं तपासा.

आणि 'बुझवा' हे हिंदीतलं बुझाना मराठी कपडे घालून आलंय. मराठीत खड्डा बुजवतात, भोक बुजवतात, आणि घोडा बुजतो. तुमच्या मामांनी शुद्ध मराठी ऐकलं आणि शुद्ध मराठीत काम केलं, मला फार आवडले ते. याच हिंदीच्या वाटेने हल्ली जाहिरातींत 'तहान विझवा' यायला लागलंय. तहान आपण भागवतो. कोडं घालतो. ती विझवायची किंवा बुझवायची नसतात, एवढं तरी जपूया.

एक अजून, विषय थोडा बाजूचा आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'निर्वाण' या शब्दाचा मूळ अर्थ दिवा विझणे हाच आहे. तृष्णेची, द्वेषाची, मोहाची आग विझणे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक महापरिनिर्वाण दिनाला येतात तेव्हा त्या शब्दाच्या पोटात हेच विझणं आहे. म्हणून विझवणे हा हलका शब्द आहे असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. भगवान बुद्धांच्या शिकवणीतल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीला ज्यावरून नाव पडलं ती ही क्रिया आहे.

---

मालवणी_इन_फोंडा

आमच्या घरात फुंकर मारून दिवा घालवलेला आजीला चालायचाच नाही. देवाजवळचा दिवा असेल तर फुलाने नाहीतर वातीला हळूच तेलात ओढून शांत करायची, आणि तोंडाने म्हणायची पण 'शांत केलो', विझवलो नाही. विझवणे हा शब्द देवघरात आणि चुलीजवळ ती टाळायचीच. चूल विझली म्हणजे घर बसलं, असा अर्थ. रात्री जेवणं झाली की लाकडं मागे ओढायची, निखारे राखेत पुरून ठेवायचे आणि पहाटे राख बाजूला करून फुंकणीने परत फुलवायचे, म्हणजे चूल विझवली असं म्हणायची वेळच येत नसे. मोठी आग लागली तर मात्र आजी सुद्धा इझवा इझवा म्हणूनच ओरडली असती हे नक्की, आमच्या मालवणीत तो 'वि' चा 'इ' होतो, विस्तवाचा इस्तव होतो तसा.

आणि ट्यूबलाइट आम्ही 'घालवतो'. पुण्याच्या मित्राला म्हटलं लाइट घालव तर तो बघतच राहिला, त्याला वाटलं फ्यूज उडवायला सांगतोय.

आता नोकरीमुळे फोंड्याला असतो, इथे कोंकणीत अगदी वेगळा शब्द आहे, 'पालोवप'. उजो पालोवप म्हणजे आग विझवणे, बातम्यांत पण 'उजो पालोवपी दळ' असं लिहितात, म्हणजे अग्निशामक दल. उजो म्हणजे आग. ऐकायला इतका गोड शब्द आहे की पहिल्यांदा कळलंच नाही काय चाललंय.

काकांना एक सांगायचं होतं, तुमच्या नावातला 'बंब' आहे ना तो पोर्तुगीजातल्या बोंबा वरून, म्हणजे पंप. पाणी तापवायचा तांब्याचा बंब पण तोच.

---

जुना_बंबवाला

हे माहीत नव्हतं. एकतीस वर्षं बंब ओढला आणि शब्द समुद्रातून आलेला! तांडेल पण होडीवरचा, बंब पण समुद्रापलीकडचा. धन्यवाद.

---

अकोटचा_पोट्टा

काकाचं बरोबर आहे बाप्पा. आमच्या घरचं जिनिंगशी संबंधित काम आहे. कापसाची आग म्हणजे लई वाईट, वरून पाहाल तर इझली, अन् गाठीच्या आत चालूच असते, दोन दोन दिवसांनी धूर निघते. आमच्याकडे आग लागलेली गाठ पहिले बाकी गाठींपासून दूर ओढत नेतात, मोकळ्या मैदानात नेऊन पट्ट्या तोडतात, रुई मोकळी करतात अन् मग पाणी. बंद गाठीवर कितीही पाणी ओता, आत जातच नाही. म्हातारे लोक म्हणतात आग इझवायची तर आधी उकलावी लागते.

---

शॉपफ्लोरची_ताई

बापरे केवढं मिळालं. सगळ्यांचे मनापासून आभार. फळा_खडू ताई, तहान भागवण्याचं आणि शमण्याचं उदाहरण मी उद्या मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगणार आहे.

एक अडचण राहिली. आमच्याकडे हीट ट्रीटमेंटचा सेक्शन आहे, तिथे तापलेले पार्ट तेलात बुडवतात, क्वेंचिंग ऑइलचा टँक आहे. त्या सेक्शनच्या बोर्डवर बाहेरून आलेल्या मजकुरात 'पार्ट तेलात विझवताना काळजी घ्या' असं वाक्य आहे. म्हणजे इथे पार्ट 'विझवायचा' आणि शेजारच्याच बोर्डवर आग 'विझवायची'. मला भीती वाटते की घोळ होईल. लोखंडाला विझवणे म्हणतात का?

---

चुना_आणि_वीट

मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे लोहार आणि चुनेवाले दोघांशी रोजचा संबंध. लोहार कधी विझवतो म्हणत नाही हो. तो 'पाणी देतो' किंवा 'पाणी पाजतो'. विळ्याला पाणी दिलं, पहारीला पाणी पाजलं. आणि बघायला बसलात तर कळेल का म्हणतात ते, लालभडक टोक पाण्यात नुसतं बुचकळून काढतो, रंग बघतो, परत जरासं बुडवतो, जनावराला पाजतात तसं बेताबेताने. जास्त पाजलं तर धार कडक होते पण तुटते. तुमच्या तेलाच्या टँकला पण 'पार्ट तेलात बुडवताना' असं साधं लिहा की, कुणी चुकणार नाही.

विझवणे आमच्याकडे चुन्याला म्हणतात, आणि तिथे आग नसतेच! कळीचा चुना हौदात टाकून पाणी सोडलं की तो विझवला. आधी दोन क्षण काहीच होत नाही, मग खडे तडकायला लागतात, वाफ येते, आणि बघता बघता हौद पिठल्यासारखा रटरटायला लागतो. जाळ नाही, निखारा नाही, पण हात घातला तर भाजून निघेल, डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. म्हणजे पाण्याने इथे उष्णता निघते, जात नाही, तरी शब्द विझवणेच. मला वाटतं भट्टीत चुनखडी भाजताना तिच्यात जी आग कोंडून राहिली ती आता बाहेर काढून संपवली, असं जुन्या लोकांनी पाहिलं असणार. विझवलेला चुना पुढे पाण्याखाली आठवडेच्या आठवडे ठेवायचा आणि मग चुन्याच्या घाण्यात मळायचा, जितका मुरेल तितका चांगला. शाळेच्या पुस्तकात त्यालाच विरी गेलेला चुना म्हणतात.

हे सांगायचं कारण, तुमच्या कारखान्यात एफ्लुएंट प्लांटला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करतात तिथे, कळीच्या चुन्याची पोती असतील तर तिथे पाणी मारू नका हे वेगळं लिहा.

---

जुना_बंबवाला

चुन्याचं फार महत्त्वाचं सांगितलंत. आणि ताई, तेलाचा टँक आहे हे आधी सांगायला हवं होतं, मी काळजीत पडलो वाचून.

लोकांच्या डोक्यात विझवणे म्हणजे पाणी ओतणे असं घट्ट बसलंय, आणि तेलाच्या आगीत हेच जिवावर येतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, तिथे तेल शंभर डिग्रीच्या खूप वर तापलेलं असतं, पाण्याची एका झटक्यात वाफ होते, आणि वाफ झाली की ते सुमारे 1,700 पट फुगतं. ती वाफ पेटलेलं तेल घेऊन वर येते. घरात कढई पेटली तरी हेच. गॅस बंद करायचा, झाकण सरकवत सरकवत वर घालायचं आणि उघडून बघायचं नाही, थंड होऊ द्यायचं. अशा वेळी आम्ही 'आग कोंडायची' म्हणतो. हवा तोडली की ती मरते.

आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी हेच घोकून घेतात की आगीला तीन गोष्टी लागतात, जळायला काहीतरी, हवा आणि उष्णता. यातली एक काढली की विझली. पाण्याने उष्णता काढता, झाकणाने वाळूने हवा काढता, आणि अकोटचा भाऊ गाठ ओढून दूर नेतो तेव्हा बाकीच्या गाठी आगीच्या तोंडातून काढून घेतो. ओतणे, कोंडणे, ओढणे हे मार्ग झाले, आणि तिन्हीच्या शेवटी जे होतं ते विझवणे. म्हणून मोठ्या अक्षरात 'विझवा' आणि त्याखाली त्या त्या जागी कशाने ते स्पष्ट. टँकजवळ 'पाणी नको. झाकण घाला, फोम किंवा पावडर वापरा'. विजेच्या पॅनलजवळ 'आधी मेन बंद, पाणी नको, पावडर किंवा सीओटू'. मामांची वाळू पण ठेवा, सांडलेल्या तेलावर ती चांगली. तिथे खुशाल 'वाळूने बुजवा' लिहा, मामा तरी चुकणार नाहीत.

---

डोंगरवाट_सातारा

उशिरा वाचलं. आम्ही काही जण उन्हाळ्यात वणवे विझवायला जातो, वनखात्याच्या माणसांबरोबर. तिथे पाणी नसतंच मुळी, चढावर कोण नेणार. ओल्या डहाळ्या तोडायच्या आणि वाऱ्याच्या मागच्या बाजूने आगीच्या कडेला झोडपत जायचं. डहाळी उचलून आपटली की ठिणग्या उडून पुढचं गवत पेटतं म्हणून दाबून धरायची आणि ओढायची, उचलायची नाही. पहिल्या वर्षी मी आपटत होतो आणि माझ्यामागे तीन ठिकाणी पेटलं होतं, बरोबरच्या गावकऱ्याने हात धरून दाखवलं, म्हणाला मारू नका, निजवा तिला.

निजवा! आग निजवायची. मी हा शब्द दुसरीकडे कुठे ऐकला नाही पण त्या क्षणी हाताला बरोबर कळलं काय करायचं ते.

वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचा पट्टा आधीच जाळून साफ करतात, वणवा तिथे आला की त्याला खायला काही उरत नाही. तेव्हाही शब्द 'वणवा अडवला'. विझवला असं म्हणायचं तर शेवटचं खोड तपासून मगच. जुनं वाळकं खोड आतून रात्रभर जळत राहतं, बाहेर काही दिसत नाही, आणि पहाटे वारा सुटला की परत. काकांनी हाताच्या मागच्या बाजूचं लिहिलंय ना, आम्ही पण अगदी तसंच करतो.

---

फळा_खडू

'निजवा' वाचून थांबलेच मी. लिहून ठेवला वहीत. कुठल्या गावाकडचे होते ते, तेवढं कळवाल का? बाकी कुणाच्या भागात आगीला असं म्हणतात का तेही सांगा.

---

डोंगरवाट_सातारा

जावळीच्या बाजूचे. पुढच्या वेळी भेटले की विचारतो त्यांच्या वाडीत सगळेच म्हणतात का.

---

शॉपफ्लोरची_ताई

मंडळी, मीटिंग झाली. 'विझवा' मंजूर! काकांचं ते रस्त्यावरचे लोक काय ओरडतात ते सांगितलं आणि पुढे कुणी काही बोललंच नाही.

मुख्य बोर्डचा मजकूर असा केलाय, शेवटचा एकदा बघा: "आग दिसली की ओरडा. मेन बंद करा. आग लहान असेल तरच विझवा. सहा ते आठ फुटांवर उभे राहा, मागे पळायला वाट ठेवा. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, झाडू मारतो तशी इकडून तिकडे फिरवा. विझली तरी पाठ फिरवू नका, धुमसतेय का बघा. आग मोठी असेल तर सगळं सोडून बाहेर पडा आणि 101 ला फोन करा." टँक, पॅनल आणि चुन्याच्या पोत्यांजवळ वेगळे छोटे बोर्ड, काकांनी आणि दादांनी सांगितलं तसे. पोती खरंच आहेत आमच्याकडे, कुणी लक्षच दिलं नव्हतं.

आज दुपारी मामांना आणि अजून चार-पाच जणांना जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. मामा म्हणाले, सगळं कळलं, फक्त ते शेवटचं वाक्य सगळ्यात वर घ्या, मॅडम. लागली की माणूस पहिली ओळच वाचतो.

---

जुना_बंबवाला

मामांचं ऐका. बाहेर पडायचं आणि 101 चं वर घ्या, लाल रंगात. बाकी मजकूर उत्तम झालाय.